ब्राँझच्या घड्याळावरचा हिरवा थर घरच्या घरी कसा काढावा? (पोळ्याच्या आधी उत्तर हवं आहे)

पराटीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात आमची शेती आहे. पराटी (कपाशी), सोयाबीन, दोन बैल, एक म्हैस. धाकट्या भावाला पुण्यात नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून त्याने मला ब्राँझचं घड्याळ घेऊन दिलं. आलं तेव्हा पाण्याच्या नव्या गुंडासारखं (भांड्यासारखं) लालसर पिवळं चमकत होतं. त्याला दोन वर्षं झाली. मी ते कपाटात ठेवलं नाही, रोज घातलं. डवरणी, ओलित, खत देणं, दूध काढणं, सगळं ते हातात असतानाच केलं.

पहिल्या उन्हाळ्यात ते तपकिरी झालं आणि तो रंग मला आवडला. या पावसाळ्यात मात्र हिरवं व्हायला लागलं. चावीच्या मुळाशी मोरचुदासारखा निळसर हिरवा थर आहे. काचेभोवतीच्या कड्याच्या खाचांत फिकट हिरवी भुकटी आहे, नखाने निघते. पट्टा अडकवायच्या कानांच्या आतल्या बाजूला तर साचलंच आहे. कातडी पट्टा खालून हिरवा पडला आणि मनगटावरही हिरवा डाग राहतो.

पोळ्याला भाऊ येतोय, दोन आठवडे आहेत. त्याने घड्याळ या अवस्थेत पाहू नये असं मला मनापासून वाटतं. आई म्हणते, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या (घंटा) घासायला काढल्याच आहेत, त्यातच दे, चिंच-मीठ-राखेने घासून देते. द्यावं का? कोणी घरच्या वस्तूंनी हे केलं असेल तर सांगा.

तिफन

भाऊ, इतकं काय त्यात! आमच्या घरी पोळ्याच्या आधी माय घाट्या, घुंगरं अन् गुंड अशेच घासते. चिंचेचं पानी, मूठभर मीठ अन् चुलीतली राख. चिंच नसन तं अंबाडीची बोंडं चालतेत. पाच मिन्टात लखलख. माह्या चुलतभावानं तं टमाट्याचा सॉस लावून पितळेचा दिवा साफ केला होता, तोही निंगाला मस्त. तू बी करून पाय अन् इथं सांगजो.

ठोकेकाम

पराटीवाले भाऊ, आईला दोन दिवस थांबायला सांगा. मी भंडाऱ्याचा. आमच्या घरी तीन पिढ्या भांड्यांचं काम चाललं, मी स्वतः बारा वर्षं ठोकेकाम केलं. तिफनभाऊ सांगतात ते घाट्यांसाठी अगदी बरोबर आहे. घड्याळाला ते लावू नका.

आधी धातू ओळखू. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील, आपल्या काशाच्या ताटवाटीत साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील असतं. घड्याळाचं ब्राँझ काशाच्याच कुळातलं, पण कथील कमी, बहुतेक आठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तांबं जास्त, म्हणूनच ते इतक्या लवकर रंग बदलतं. दुसरं असतं ॲल्युमिनियम ब्राँझ. ते जास्त पिवळं दिसतं आणि हिरवं व्हायला वेळ लावतं. तुमचं लालसर होतं म्हणता, तेव्हा कथिलाचंच असणार.

आता राख. घाटी जाड असते, ओतीव असते, तिला ओरखडे पडले तर वाजण्यात फरक पडत नाही. घड्याळाच्या अंगावर बारीक उभ्या रेघांचं काम असतं, कडेला एक चकचकीत पट्टी असते. राखेतला एक खडा त्यावर आडवा फिरला की ती रेघ जन्मभर राहते. भांडी घासायच्या पावडरीचं आणि टूथपेस्टचंही तेच, दोन्हींत घासणारी बारीक पूड असते. चकचकीत भाग मंद पडतो, मंद भाग चमकतो, आणि मूळचं काम पुसलं जातं.

आंबट मात्र हवंच. आपल्याकडे आंबट ताक, कढी बिनकल्हईच्या पितळी भांड्यात का ठेवत नाहीत? कळकतं म्हणून. आंबट पदार्थ तांबं ओढून घेतो. जे ताक बिघडवतं तेच तुमचा हिरवा थर काढेल. फक्त किती वेळ आणि सोबत काय, यावर सगळं आहे. मिठाबद्दल माझं मत वाईट आहे, पण कारण मला नीट सांगता येणार नाही. रसायनवाले कोणी असतील तर त्यांनी सांगावं.

परीक्षानळी

मी सांगते. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

दादा, तुमच्या घड्याळावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपकिरी थर क्युप्रस ऑक्साइडचा, तो जुना होत गेला की काळपट होतो. तो घट्ट बसतो आणि खालच्या धातूला राखतो. तो शत्रू नाही. हिरवं त्याच्यावर किंवा त्याच्या फटींतून येतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल मिळून तांब्याचं कार्बोनेट तयार होतं. घाम किंवा मीठ मिळालं की क्लोराइड. नखाने निघणारी फिकट हिरवी भुकटी म्हणता ना, मला काळजी तिची वाटते. क्लोराइड धातूत शिरलं की ओल आणि हवा लागताच त्यातून आम्ल तयार होतं, ते आम्ल आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड. वरून पुसलं तरी आत चालूच राहतं. जुन्या ब्राँझ मूर्तींना हे झालं तर वस्तुसंग्रहालयातली माणसं त्याला ब्राँझचा रोगच म्हणतात आणि त्या मूर्ती सोड्याच्या द्रावणात आठवडे आठवडे बुडवून ठेवतात.

म्हणून मीठ नको. लिंबात किंवा चिंचेत मीठ टाकलं की काम झपाट्याने होतं हे तिफनदादांचं निरीक्षण खरं आहे, क्लोराइड तांब्याचा थर सोडवायला मदत करतं. पण ते खाचांत राहून जातं. आज चकचकीत, पंधरा दिवसांनी दुप्पट हिरवं. टोमॅटो सॉसमध्ये आंबट आहे तसं मीठही आहे, म्हणून तोही नको.

एक विचारते. खत हाताने फेकता का? कोणतं? आणि घड्याळ घालून गोठ्यात किती वेळ असता?

पराटीवाला

ताई, युरिया आणि पोटॅश, दोन्ही हातानेच. हातमोजे घालत नाही. गोठ्यात सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास तरी जातो. शेण-मूत भरणं माझ्याकडेच आहे.

परीक्षानळी

मग कोडं सुटलं. गोठ्यात डोळ्याला झोंबणारा जो वास येतो तो अमोनियाचा, युरिया ओला होऊन कुजला तरी तोच निघतो. अमोनिया तांब्याला विरघळवतो आणि गडद निळा रंग देतो, म्हणून चावीपाशी निळसर झाक आहे. आपलं नेहमीचं लाल-पांढरं पोटॅश म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजेच पोटॅशियम क्लोराइड. आपल्याकडे समुद्र नाही, पण घाम आणि पोटॅश मिळून तुमच्या मनगटावर दोन वर्षं समुद्रच होता. त्यात चूक तुमची नाही. घड्याळ ज्याने दिलं त्याला तुम्ही ते घालावं असंच वाटत असणार.

आता कसं करायचं ते. पट्टा काढा. चावी आट्याची असेल तर पूर्ण आवळून बंद आहे का ते पाहा, नसेल तर पाण्याजवळही नेऊ नका, नुसत्या ओल्या कापसाने काम करा. घड्याळ रसात बुडवायचं नाही. लिंबाचा रस गाळून घ्या, त्यात पाच-सहा टक्के सायट्रिक ॲसिड असतंच, वर काही लागत नाही. कान साफ करायच्या कापूसकाडीने हिरव्या जागी लावा, एक-दोन मिनिटं थांबा, मऊ दातघासणीने हलकं फिरवा, पुसा. निघालं नाही तर पुन्हा. एकदम दहा मिनिटं ठेवण्यापेक्षा दोन मिनिटं पाच वेळा बरं. मग कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्याने धुवा, म्हणजे उरलेलं आम्ल मरेल. मग साधं पाणी, मग मऊ सुती कापड, मग तासभर पंख्याखाली. उन्हात नको, आतल्या रबरी रिंगा तापतात.

व्हिनेगरही चालतं, पण त्याची वाफ बंद डब्यात राहिली तर तांबं उलट हिरवं करते. म्हणून मी लिंबूच सांगते.

चावीचंघड्याळ

धागा वाचतोय आणि हात शिवशिवतायत. बाबांचं एचएमटी जनता घड्याळ आहे माझ्याकडे. मागच्या झाकणाच्या कडेला आणि कानांत असाच हिरवा चिकट मळ आहे. लिंबू लावू का?

ठोकेकाम

नाही, अजिबात नाही. एचएमटीचा घड्याळ कारखाना बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाला. त्या काळातल्या अशा घड्याळांचं अंग बहुतेक पितळेचं आणि वरून क्रोमचा किंवा सोन्याचा मुलामा. मुलामा झिजला तिथून पितळ उघडं पडलं आणि घाम, तेल, मळ मिळून ते हिरवं झालं. आंबट लावलंत तर पितळेतलं जस्त आधी जातं, गुलाबी डाग पडतो आणि मुलाम्याच्या कडा सुटतात. शिवाय ती पाण्याची घड्याळं नाहीत, रस झाकणाच्या फटीतून सरळ मशीनमध्ये जाईल.

दात कोरायची लाकडी काडी घ्या, कोरडीच. हलक्या हाताने मळ खरवडा, ब्रशने झाडा. झाकण उघडून आतून साफ करायचं असेल तर तालुक्याच्या घड्याळजीकडे द्या. बाबांची वस्तू आहे.

चावीचंघड्याळ

वाचलो. काडीनेच करतो.

संत्राबाग

वरूडकडून नमस्कार. एक बारीक गोष्ट सांगतो, उपयोगी पडेल. आम्ही संत्र्याच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. म्हातारी माणसं बजावून सांगतात की मोरचूद लोखंडी बादलीत भिजवू नका. भिजवलं तर बादली आतून तांबूस होते, मोरचुदातलं तांबं लोखंडावर येऊन बसतं. तुम्ही घड्याळाला लावलेल्या लिंबाच्या रसातही तांबं उतरणार. तेव्हा तोच हिरवा झालेला रस पट्ट्याच्या बक्कलला किंवा पिनांना लागू देऊ नका, आणि लोखंडी चिमट्याने धरू नका. प्रत्येक वेळी ताजा रस, ताजी काडी. प्लास्टिकची वाटी.

परीक्षानळी

अगदी बरोबर सांगितलंत दादा. वर्गात हाच प्रयोग मी खिळा आणि मोरचुदाच्या पाण्यात करून दाखवते. यापुढे बादलीचंही उदाहरण देईन.

पूर्णाकाठ

शेवटच्या पाण्याबद्दल कोणीच बोललं नाही. मी अकोला जिल्ह्यात खारपाणपट्ट्यात राहतो. आमच्या बोअरच्या पाण्यात धुतलेली काच वाळली की पांढरी होते. साबणाला फेस येत नाही. अशा पाण्याने घड्याळ धुतलं तर मीठ काढायच्या जागी मीठच घालणं झालं. अमरावती, बुलडाण्याच्या पट्ट्यातल्यांनीही लक्षात ठेवा. आर्वीचं पाणी एवढं खारं नसेल, पण शेवटचं पाणी तरी चांगलं घ्या. इन्व्हर्टरसाठी आणतो ते डिस्टिल्ड वॉटर स्वस्तात मिळतं. फक्त बाटलीवर नीट वाचून घ्या, शेजारीच बॅटरीचं ॲसिड ठेवलेलं असतं. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या.

ओलरंग

माझं थोडं वेगळं मत आहे. काढता कशाला? ब्राँझचं घड्याळ घेतातच या रंगासाठी. १९८८ मध्ये जेराल्ड जेंटा या घड्याळ-रचनाकाराने गेफिका नावाचं ब्राँझचं घड्याळ काढलं, शिकारीवर जाणाऱ्यांसाठी, ऊन पडून चमकू नये म्हणून. २०११ मध्ये पानेराई या घड्याळ कंपनीने ब्राँझचं केलं, तेव्हापासून जगभर वेड लागलं. लोक मुद्दाम उकडलेल्या अंड्यासोबत डब्यात ठेवून रंग चढवतात, अंड्यातल्या गंधकाच्या वायूने एका रात्रीत तपकिरी होतं. तुमच्या घड्याळावर तर दोन वर्षांची शेती उमटली आहे. ती लिंबाने धुऊन टाकणार?

ठोकेकाम

ओलरंग, तपकिरीबद्दल मी तुमच्याच बाजूचा. पण हिरव्या भुकटीला रंग म्हणू नका. तो रंग नाही, धातू झडतोय. आमच्याकडे जुनं भांडं आलं आणि त्यावर अशी भुकटी असली की वडील आधी तेवढीच जागा साफ करायचे आणि बाकीचं तसंच ठेवायचे. गिऱ्हाईकाला विचारायचे, चमक पाहिजे की भांडं पाहिजे. पराटीवाल्यांनी तसंच करावं, जिथे हिरवं आहे तिथेच लिंबू.

ओलरंग

हे पटलं. मी सरसकट म्हणायला नको होतं.

पराटीवाला

मंडळी, आज दुपारी केलं. सविस्तर लिहितो, कारण मी शोधत होतो तेव्हा मराठीत कुठेच काही मिळालं नव्हतं.

पट्टा काढताना एक पिन जागेवरच धरून बसली होती, हिरव्याने जाम. तिच्या टोकाला लिंबाचा एक थेंब दिला आणि दहा मिनिटांनी ती सुटली. दोन्ही पिना टाकून दिल्या, नव्या आणल्या. चावी आट्याची आहे, आवळली. मागचं झाकण स्टीलचं आहे, ते आता कळलं, तिथे एकही डाग नाही.

भुकटी आधी कोरड्या काडीने काढली. कागदावर पडली ती पिस्त्याच्या सालीच्या आतल्या रंगासारखी होती. मग लिंबू. पहिल्या कापूसकाडीला लगेच हिरवट रंग आला. दुसऱ्या वेळी चावीच्या मुळाशी, दातऱ्यांच्या मधे, निळं सुटायला लागलं आणि खाली गुलाबी धातू दिसला. मी घाबरलो, वाटलं तांबं निघालं, पितळेचं असतं तसं. धागा पुन्हा उघडून वाचला. मग आईने काशाची वाटी आणून शेजारी ठेवली, तिच्या बुडाला जिथे नुकतं घासलं होतं तिथेही जरा तशीच झाक होती. शांत झालो. थोड्या वेळाने ती गुलाबी झाक आपोआप उबदार पिवळी झाली.

काचेभोवतीच्या कड्यावर पाच वेळा करावं लागलं. कानांच्या आत ब्रश पोचत नाही, तिथे काडीला कापूस गुंडाळला. मधल्या अंगावर, जिथे बाही घासून घासून तपकिरी गुळगुळीत झालं आहे, तिथे मी हात लावला नाही. ठोकेकाम भाऊ, तुमच्या वडिलांचं ऐकलं.

सोड्याचं पाणी दोनदा, मग डिस्टिल्ड वॉटर. पंख्याखाली ठेवलं आणि मी म्हशीकडे गेलो, या वेळी घड्याळाशिवाय.

आता प्रश्न. पुन्हा येऊ नये म्हणून खोबरेल तेल लावू का? आई म्हणते लाव.

परीक्षानळी

फार छान केलंत. खोबरेल नको. तेल जुनं झालं की त्यातली मेदाम्लं सुटतात आणि तांब्याशी मिळून हिरवा चिकट साबण तयार होतो. एचएमटीच्या कानांतला मळ अर्धा तोच असतो. लावायचंच तर मेण, गाडीला लावतात ते मेणाचं पॉलिशही चालेल, बोटाच्या टोकावर घेऊन अगदी पातळ, मग कोरड्या कापडाने पुसून. वस्तुसंग्रहालयांत ब्राँझला मेणच देतात.

पण त्याआधी एक परीक्षा घ्या. स्टीलच्या डब्यात ओल्या कापसाचा बोळा ठेवा, घड्याळ त्याला न लागेल असं वाटीवर ठेवा, झाकण लावा. एक रात्र, एक दिवस. आत क्लोराइड उरलं असेल तर फिकट हिरवे ठिपके पुन्हा उमटतील. उमटले तर तेवढ्याच जागी काडीने काढून सोड्याचं पाणी पुन्हा द्या. नाही उमटले तर मेण लावा. आणि चावीवर विश्वास असेल तरच हे करा दादा, ओल आत जायला नको.

जुना कातडी पट्टा परत लावू नका. त्यात दोन वर्षांचं मीठ आहे.

पराटीवाला

ताई, पहिल्या रात्रीनंतर काचेखालच्या खाचेत, सहाच्या आकड्यापाशी, मोहरीएवढे दोन ठिपके आले. बाकी सगळं स्वच्छ. तेवढेच काढले, सोडा, डिस्टिल्ड वॉटर. पुन्हा एक रात्र ठेवलं. आले नाहीत. मेण दिलं. आर्वीहून नायलॉनचा पट्टा आणला.

आता ठरवलं आहे, युरिया-पोटॅश फेकताना आणि गोठ्यात घड्याळ खुंटीला. संध्याकाळी हातपाय धुताना तेही ओल्या फडक्याने पुसायचं.

तिफन

भाऊ, मी मायले हा धागा वाचून दाखवला. ते म्हने मीठाचं मले माईत नव्हतं, पन घाटी घासल्यावर आम्ही तीन पान्यानं धुतो अन् चुलीपाशी वायवतो, म्हनून हिरवी होत नसन. मंग मले समजलं का मायचं धुनं मी सांगितलंच नव्हतं, निस्तं घासनं सांगितलं. माह्या अर्ध्या सल्ल्यानं तुह्या घड्याळाचं नुकसान झालं असतं. माफी असावी.

पराटीवाला

तिफनभाऊ, माफी कशाची. तीन पाण्यांचं तुमच्या मायमुळेच कळलं. आमच्या घाट्यांनाही आईने तसंच केलं.

भाऊ काल रात्री आला. आज सकाळी बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून झाल्या, घाट्या बांधल्या, तेव्हा त्याने माझ्या हातातलं घड्याळ पाहिलं. काढून मागितलं. उलटंपालटं केलं, तपकिरी अंगावरून अंगठा फिरवला, काही बोलला नाही. मग खुंटीवरचा जुना हिरवा पट्टा त्याने उतरवला. त्यावर बक्कलची एक घडी तिसऱ्या भोकावर पडलेली आहे आणि दुसरी, नवी, पाचव्यावर. ती बोटाने दाखवून म्हणाला, "दादा, तू एवढा बारीक कधी झालास?"

मला उत्तर सुचलं नाही. तो आठ दिवस राहतो म्हणतो. उद्या तान्हा पोळा झाला की पराटीला खत द्यायचं आहे, ते तो फेकणार आहे, हातमोजे त्याने येतानाच आणलेत. दोन जोड आहेत.